तो कण, ती कणी, ते कणीस

माजघर | रविवार, दुपारी १.१०

आज सकाळी भात शिजत होता. आईने झाकण सरकवलं, डावाच्या टोकावर चार शितं घेतली, त्यातलं एक अंगठा आणि तर्जनीत धरून चिरडलं आणि म्हणाली, "कणी आहे अजून. राहू दे दोन मिनिटं."

माझी मुलगी सातवीत आहे. टेबलावर तिचं विज्ञानाचं पुस्तक उघडं होतं. स्थायूमध्ये कण जवळजवळ असतात, वायूमध्ये लांब लांब, असं काहीतरी ती पाठ करत होती. तिने मान वर करून विचारलं, "आजी, कण तर डोळ्यांना दिसतच नाहीत. तुला बोटाला कसा लागला?"

आईने काही समजावलं नाही. दुसरं शीत तिच्या बोटावर ठेवलं आणि म्हणाली, "दाब." बाहेरचा भाग मऊ पसरला आणि मधे पांढरा, खसखशीएवढा ठिपका टचकन लागला. "ही कणी."

तेव्हापासून हा शब्द डोक्यातून जात नाहीये. 'कण' म्हणजे अगदी बारीक काहीतरी, एवढं आपण सगळेच जाणतो. पण घरातल्या घरात मोजायला लागले तर अर्थ संपेनात. भातातली कणी वेगळी आणि गिरणीतून येणारी कणी, म्हणजे तांदळाचा तुकडा, वेगळी. ज्वारीच्या कण्या. पोळ्यांची कणीक. कणीदार तूप. शेतातलं कणीस. हिऱ्याची हिरकणी. डोळ्यात गेलेला कण. वर्तमानपत्रातले धूलिकण आणि मुलीच्या पुस्तकातले न दिसणारे कण.

अजून एक गंमत दिसली. तो कण, ती कणी, ते कणीस. एकाच घरातले तिघं तीन लिंगांत आहेत, आणि लिंग बदललं की वस्तूचा आकार आणि कामही बदलतं. 'तो' म्हटला की तो कसलाही असू शकतो, धुळीचा, सोन्याचा, प्रकाशाचा. 'ती' झाली की टणक होते, दाताखाली येते. अनेकवचनात 'त्या' झाल्या की पोटभरीचं अन्न होतं. आणि 'ते' झालं की पुन्हा शेतात उभ्या ताटावर, दाण्यांनी भरलेलं.

तुमच्या भागात कण, कणी, कण्या कशाकशाला म्हणतात ते लिहा. कोशातले अर्थ मिळतात, मला वापरातले हवे आहेत.

---

धानवाला | रविवार, दुपारी २.०५

भंडाऱ्याकडचा आहे, घरात तीन पिढ्या धानाची गिरणी. आमच्याकडे कणी हा रोजचा शब्द, पण 'कनकी' जास्त ऐकाल. छत्तीसगड शेजारी असल्याने असेल. धान भरडलं की चार वाटे होतात: तूस, कोंडा, तांदूळ आणि कनकी. तांदळातही पुन्हा अख्खा वेगळा आणि तुकडा वेगळा. अर्धा-पाऊण राहिलेला दाणा तो तुकडा, त्याहून बारीक ती कनकी. माझे वडील मूठभर तांदूळ तळहातावर पसरून नुसतं बघून सांगायचे, यात तुकडा किती पडलाय ते. धान कापणीनंतर उन्हात जास्त तडकलं किंवा ओलसर असतानाच भरडलं की कणी वाढते. म्हणजे आमच्या धंद्यात कणी हा दोष. भाव तिच्यावरून पडतो.

पण तीच कणी फेकून कोणी देत नाही. कोंबडीच्या खाद्यात जाते, इथेनॉलला जाते, इडली-डोशाला जाते. २०२२ च्या सप्टेंबरात केंद्र सरकारने तुकडा तांदळाची निर्यातच बंद केली, तेव्हा पहिल्यांदा कणी हा विषय पेपरच्या पहिल्या पानावर पाहिला. ज्या मालाला आयुष्यभर दुय्यम म्हणून बाजूला काढला त्याच्यासाठी देशाने दरवाजा लावला. वडील असते तर त्यांना खूप बरं वाटलं असतं.

---

भीमाकाठ | रविवार, दुपारी ३.३०

कण्यांबद्दल मी लिहिणार, कारण मी त्यांच्यावर वाढले.

सोलापूर भागात जोंधळ्याच्या कण्या. जातं तेच, पण पीठ दळायचं असेल तर दोन तळ्या घट्ट बसतात आणि कण्या भरडायच्या असतील तर वरची तळी किंचित उचलून घ्यायची. आजी त्यासाठी मधल्या खुंट्याला चिंधी गुंडाळायची. मग जात्याचा आवाजही बदलायचा. दळताना घरघर, भरडताना खडखड. शेजारणीला भिंतीपलीकडून कळायचं, आज यांच्याकडे कण्या आहेत. भरडून झालं की चाळणी. खाली पडेल ते पीठ, वर राहील त्या कण्या. मग सुपात घालून घोळायचं. पाखडणं वेगळं, घोळणं वेगळं. पाखडताना सूप वर उडतं आणि कोंडा पुढे जातो, घोळताना सूप आडवं फिरतं आणि जड कण्या एका कडेला जमतात.

उकळत्या पाण्यात एका हाताने वैरायच्या आणि दुसऱ्या हाताने हलवायच्या, नाहीतर गोळे होतात. गार झाल्यावर ताक, मीठ, वरून लसणाची फोडणी.

१९७२ च्या दुष्काळात माझी आई दुष्काळी कामावर खडी फोडायला जायची. सरकारी सुकडी, म्हणजे पौष्टिक पिठाचा कोरडा खाऊ, मिळायची, आणि धान्य म्हणून अमेरिकेतून आलेला तांबडा मिलो, म्हणजे तिकडची ज्वारी. त्याची भाकरी थापता थापता तुटायची, म्हणून लोक त्याच्या कण्या करायचे. आई आजही कण्या खात नाही. मी मात्र मुद्दाम करते. एकच पदार्थ, तिला तो दुष्काळ वाटतो आणि मला आजी आठवते. म्हणून 'कण्या म्हणजे गरिबाचं अन्न' असं कोणी सरसकट लिहिलं की मला ते अपुरं वाटतं.

---

पोथीवाचक | रविवार, दुपारी ४.१५

भीमाकाठताई, तुमच्या लिहिण्यावरून विदुराच्या कण्या आठवल्या. तुकोबांच्या अभंगात 'दासीपुत्र कण्या विदुराच्या भक्षी' असं आहे, आणि आपल्याकडे कीर्तनात हा प्रसंग सांगताना बुवांचा गळा दाटून येतो. पण महाभारताच्या उद्योगपर्वात पाहा. कृष्ण दुर्योधनाचं जेवण नाकारून विदुराकडे जातो, एवढं आहे. तिथे विदुर त्याला शुद्ध, चांगलं अन्न वाढतो. कण्यांचा उल्लेख नाही.

हिंदी भजनात तोच कृष्ण विदुराघरी साग खातो, म्हणजे पालेभाजी. काही ठिकाणी केळीच्या साली खातो. आपल्याकडे कण्या. ज्याच्या त्याच्या मुलखात गरिबाच्या चुलीवर जे होतं ते विदुराच्या ताटात आलं. महाराष्ट्रातल्या संतांना देवापुढे ठेवायला साधं अन्न म्हणून जो शब्द सुचला तो 'कण्या', हे मला या शब्दाचं सगळ्यात मोठं मोल वाटतं.

---

उगारखुर्द | रविवार, संध्याकाळी ५.५०

सीमाभागातून. घरात मराठी, बाहेर कन्नड. एक सावधगिरीची सूचना करतो. 'कण' दिसला की सगळं एकाच मुळाशी नेऊन बांधू नका. कन्नडमध्ये 'कण' म्हणजे खळं, जिथे मळणी होते ती जागा. आणि 'कणज' म्हणजे धान्य साठवायची कोठी. त्यामुळे आपली 'कणगी', ती बांबूची विणलेली, शेणामातीने लिंपलेली, ही संस्कृत 'कणा'ची मुलगी की कन्नड 'कणजा'ची बहीण, याचा विचार व्हायला हवा. मला दुसरं जास्त पटतं. धान्य साठवायच्या वस्तूंचे आपले किती शब्द दक्षिणेकडचे आहेत ते पाहिलं तर आश्चर्य वाटणार नाही.

ज्वारीच्या कण्यांना आमच्याकडे कन्नडमध्ये 'नुच्चु' म्हणतात. ताकातच खातात. पदार्थ एकच, नाव वेगळं.

---

माजघर | रविवार, संध्याकाळी ६.२०

उगारखुर्द, मनापासून आभार. मी खरंच कणगी यादीत घालणार होते. काढून ठेवते.

---

सरवा | रविवार, रात्री ८.४५

संस्कृत शिकवते, म्हणून कणीस आणि कणीक यांच्याबद्दल थोडं.

'कणिश' हा जुना शब्द, अमरकोशात 'कणिशं सस्यमञ्जरी' असा आलेला आहे. त्याचंच आपलं कणीस. 'कणिक' म्हणजे गव्हाचं जाडसर पीठ, ती आपली कणीक. जात्यावरचं पीठ आजच्यासारखं मऊशार नसायचं, हाताला कण लागायचे, म्हणून नाव तसं. आज आपण मैद्यासारखं बारीक दळून आणतो आणि तरी तिला कणीकच म्हणतो.

आता कणाद. शाळेत आपल्याला सांगतात की कणादांनी कणांचा म्हणजे अणूंचा सिद्धांत मांडला म्हणून त्यांचं नाव कणाद. नावाचा अर्थ मात्र 'कण खाणारा' असा आहे, कण अधिक अद्. आणि ते कण कुठले? श्रीधराच्या न्यायकंदलीत, म्हणजे शके ९१३ मधल्या ग्रंथात, स्पष्ट लिहिलं आहे: रस्त्यावर सांडलेले तांदळाचे कण कबुतरासारखे टिपून ते रोजचं जेवण करत, म्हणून हे नाव पडलं. शब्द आहे 'तण्डुलकण'. म्हणजे धानवाला म्हणतात ती कनकीच!

त्यांच्या दर्शनात, म्हणजे वैशेषिक तत्त्वज्ञानात, सगळ्यात लहान द्रव्याला 'परमाणू' म्हटलेलं आहे, 'कण' नाही. दोन परमाणूंचं द्व्यणुक, तीन द्व्यणुकांचं त्र्यणुक, आणि खिडकीतून आलेल्या कवडशात तरंगताना दिसतं ते हे त्र्यणुक. म्हणजे कवडशातल्या धुळीच्या एका ठिपक्याचा सहावा भाग तो परमाणू. कण त्या ऋषींच्या विचारात नव्हता, त्यांच्या पोटात होता. मला हे वाचलं तेव्हा त्यांच्याबद्दल आदर वाढला. जगाचा सगळ्यात लहान तुकडा कोणता याचा विचार करणारा माणूस, वाटेवर सांडलेला दाणा वाया जाऊ न देता.

माझं इथलं नाव त्यावरूनच घेतलं आहे. पीक निघाल्यावर शेतात पडून राहिलेली कणसं वेचतात तो सरवा. संस्कृतात त्यातही दोन प्रकार सांगितलेत, 'उञ्छः कणश आदानं कणिशाद्यर्जनं शिलम्'. एकेक कण वेचणं ते उंछ, कणसं वेचणं ते शिल. लहानपणी आमच्या गल्लीतल्या दोन बायका सरवा वेचायला जायच्या. संध्याकाळी परतताना त्यांच्या ओट्यात पायलीभर तरी ज्वारी असायची.

---

खडूफळा | सोमवार, सकाळी ७.१५

माजघर, तुमच्या मुलीचा प्रश्न माझ्या वर्गात दरवर्षी येतो. तीस वर्षं विज्ञान शिकवतोय.

मराठीत अणू, रेणू, कण हे तीन शब्द पारिभाषिक केले गेले. तिघंही मुळात 'बारीक' एवढंच सांगणारे. रेणू म्हणजे खरं तर धूळ. आता रेणू हा अणूंचा समूह झाला आणि कण हा सर्वसाधारण शब्द राहिला, अणूही कण, इलेक्ट्रॉनही कण, धुळीचा ठिपकाही कण. गोंधळ होतो तो हिंदीची पुस्तकं वापरणाऱ्या मुलांचा. हिंदीत अणु म्हणजे आपला रेणू, आणि आपला अणू म्हणजे त्यांचा परमाणु. आपण अणुबॉम्ब म्हणतो, ते परमाणु बम. स्पर्धा परीक्षेच्या वर्गाला जाणाऱ्या एका मुलीने माझ्यापुढे वही आपटली होती, "सर, पाण्याचा अणू की रेणू, एकदाच सांगा!" तिची चूक नव्हती. तिला दोन्ही भाषांनी एकच शब्द दोन वस्तूंसाठी दिला होता.

४ जुलै २०१२ ला जिनिव्हाजवळच्या सर्न या प्रयोगशाळेत नव्या बोसॉनची, म्हणजे अणूहूनही सूक्ष्म अशा एका कणाची, घोषणा झाली, तेव्हा मराठी पेपरांत 'देवकण' हा शब्द आला. शास्त्रज्ञांना ते नाव आवडत नाही, मलाही नाही. 'मूलकण' हा शब्द मात्र मला फार आवडतो. ज्याचे आणखी तुकडे होत नाहीत असा.

मुलांना मी आकार सांगताना केस पुढे करतो. केसाची जाडी साधारण ५० ते ७० मायक्रोमीटर. हवेतले जे सूक्ष्म धूलिकण मोजतात ते २.५ मायक्रोमीटर आणि त्याहून लहान. म्हणजे केसाच्या जाडीत वीस-पंचवीस शेजारी शेजारी बसतील. तरीही तो धुळीचा कण अणूंच्या मानाने डोंगर आहे. पुढच्या वर्षी मात्र केसाआधी भाताचं शीत आणणार. तुमच्या आईंची परवानगी आहे असं धरतो.

---

पाचाडकर | सोमवार, सकाळी ९.००

हिरकणी कोणी उलगडली नाही अजून. हिऱ्याची कणी ती हिरकणी, बारीक चकाकणारा तुकडा. जुन्या गोष्टींत हिरकणी गिळून प्राण दिल्याचं येतं ते हेच. पण आमच्या रायगडाखाली तो शब्द एका बाईचा आहे. दूध विकायला गडावर गेली, कोजागिरीला दरवाजे बंद झाले, घरी तान्हं बाळ, म्हणून कडा उतरून आली. तिच्या नावाने वर बुरूज, खाली हिरकणीवाडी. आता एसटीची हिरकणी गाडी आहे, स्तनपानासाठी हिरकणी कक्ष आहेत. कणीचा अर्थ किती लांब गेला बघा. बुरुजावरून खाली पाहिलंत तर पोटात गोळा येतो.

---

लुधियानाहून | सोमवार, सकाळी ११.४०

नोकरीनिमित्त पंजाबात सहा वर्षं. इथे 'कणक' म्हणजे गहू. पीठ नव्हे, गहूच. वैशाखात सगळीकडे 'कणक दी वाढी' चाललेली असते, म्हणजे गव्हाची कापणी. पहिल्यांदा ऐकलं तेव्हा मला वाटलं, सोनेरी दिसतो म्हणून 'कनक'. पण इथले लोक स्पष्ट 'ण' म्हणतात. मला तरी ती आपल्या कणकेची थोरली बहीण वाटते. गुजराती शेजारीण मळलेल्या पिठालाच 'कणक' म्हणते आणि तांदळाच्या तुकड्याला 'कणकी'. म्हणजे एकीकडे शेतात उभा गहू, एकीकडे परातीतला गोळा.

आमच्या पुण्याच्या घरी कणीक म्हणजे कोरडं गव्हाचं पीठही आणि मळलेला गोळाही. "डब्यात कणीक आहे" आणि "कणीक सैल झाली", दोन्ही चालतं. नवऱ्याच्या घरी कोरडं ते पीठ, पाणी पडलं की कणीक. लग्नानंतर पहिल्या आठवड्यात सासूबाईंनी "कणीक दे" म्हटल्यावर मी डबा नेऊन दिला होता, त्या परात घेऊन थांबल्या होत्या.

---

ओसरी | सोमवार, दुपारी १२.३०

अंगात कणकण आहे म्हणतो, ती यातलीच का? बारीक ताप म्हणून?

---

सरवा | सोमवार, दुपारी १.१५

ओसरी, मला तसं वाटत नाही. संस्कृत धातुपाठात 'कण्' हा आवाज करणे या अर्थाचाही धातू आहे, रण्, भण्, क्वण् यांच्या रांगेत. कणकण मी आपल्या 'कण्हणे'च्या शेजारी बसवेन. ताप बारीक असतो म्हणून 'कण' आठवतो खरा, पण अंग कसकसतं, ठणकतं, तसाच हा दुहेरी शब्द आहे.

---

पेठेतला | सोमवार, दुपारी ३.५०

वडील सोनारकाम करायचे, म्हणून सोन्याच्या कणाबद्दल. कानशीने घासताना जे उडायचं ते पडावं म्हणून मांडीवर कातडं असायचं. दिवस संपला की ते कातडं झटकून, हाताची बोटंसुद्धा एका भांड्यात धुऊन ते पाणी ठेवून द्यायचे. तरी जे जमिनीवर जायचं त्यासाठी झारेकरी यायचे. दुकानापुढची धूळ, गटारातला गाळ सगळं गोळा करून पाण्यात घोळवत बसायचे. माती हलकी, वाहून जायची, जड कण तळाला. भीमाकाठताईंनी सुपातलं घोळणं लिहिलंय, ते वाचताना मला झारेकऱ्याचे हात दिसले. हालचाल तीच. तो झारेकरी वडिलांना म्हणायचा, "शेट, तुमच्या धुळीवर माझं घर आहे." वडील मुद्दाम दुकानासमोर पाणी मारून झाडू देत नसत.

---

बायूकाठ | सोमवार, रात्री १०.२०

ह्यूस्टनहून. इथे भारतीय दुकानात लांब बासमतीच जास्त, कणी शोधून मिळत नव्हती. बाळाला मऊ भात हवा होता. मग एका व्हिएतनामी दुकानात तुकडा तांदळाच्या पोत्यांची अख्खी रांग सापडली. त्यांच्याकडे तुकडा तांदळाचा भात हा खास पदार्थ आहे, 'कम ताम'. दुकानातल्या आजींनी खुणांनी सांगितलं की पूर्वी हा गरिबांचा भात होता, आता सैगावात लोक आवडीने हॉटेलात जाऊन खातात. मी त्यांना खुणांनीच बाळ दाखवलं. त्यांनी बोटांनी शीत चिरडून दाखवलं, अगदी माजघर यांच्या आईंसारखं.

भीमाकाठताई, इथे ज्वारी मिळते, जातं नाही. मिक्सरमध्ये भरडली तर चालेल का? पाणी किती?

---

भीमाकाठ | मंगळवार, सकाळी ६.५०

चालेल. ज्वारीला आधी पाण्याचा हात लावून, फडक्यात अर्धा तास गुंडाळून ठेवा, मग थांबून थांबून फिरवा. एकदम फिरवली तर गरम होऊन पीठच होतं. चाळून पीठ बाजूला काढा, ते भाकरीला होईल. एक वाटी कण्यांना चार वाट्या पाणी, ज्वारी जुनी असेल तर पाच. पाण्याला चांगली उकळी आल्यावरच वैरा. मंद आचेवर झाकून वीस-पंचवीस मिनिटं, मधून मधून तळापासून ढवळत. झाल्या की नाही ते बोटाने दाबून बघा, मधला पांढरा ठिपका गेला पाहिजे. ताक गार झाल्यावर घाला, गरमात घातलं तर फुटतं.